कारण सांगाचं नाही

भाऊ, काल माही नात अकोल्याहून सुट्टीवर आली अन् जेवता जेवता म्हणे, आजी, तुमच्या बाजारासाठी भांडणारे ते वकील कसे होते? झालं, माही टकळी सुरू. भाकर ताटात वाळून गेली तरी मी बोलूनच राहिली. मंग वाटलं, तिले एवढं सांगितलं तर तुमाले काहून नाही सांगावं? माही शाळा तिसरीपर्यंत, अक्षर वाकडंतिकडं येईल, चालवून घ्या.

तुमाले पहिल्यांदा पाह्यलं ते भातकुलीच्या बाजारात. बाया सांगत, अमरावतीचे वकील हायेत, मोर्च्यातबी असतात, स्वतःचा पेपरबी काढतात. मले वाटलं, एवढा मोठा माणूस मोटारीतून येईल. अन् तुमी आले खटारा स्कूटरवर, मांगं चार पानी पेपरचा गठ्ठा सुतळीनं बांधून. आधी माह्याजवळून सांबाराची हिरवी जुडी घेतली, कोथिंबिरीच्या वासासाठी नाकाले लावली, मंग टमाट्याच्या खोक्यावर उभं राहून पेपर वाचाले लागले, काहून का आमच्यातल्या अर्ध्या बायाईले वाचता येत नव्हतं. कुठला रस्ता कागदावरच झाला, कोण्या साहेबानं काय दडवलं, हे तुमी असं वाचत जसं कोणी लग्नाची पत्रिका वाचते. भेव म्हणून नाही. मी वांगे मोजाचं सोडून पाहतच राहिली.

तवा आमची जागा जाऊन राहिली होती. बाजाराच्या हापिसातला माणूस येऊन सांगून गेला, ठराव झाला बायाहो, इथं दुकानं बांधाची हायेत, उठा. तो ठराव कोणी पाह्यला नव्हता. माह्या सासूनं धरलेली ती जागा, तिच्याच भरवशावर घर चाले, दोन पोरं शाळेत जात. तुमी म्हटलं, नारे मंग देऊ, आधी ठरावाची नक्कल मांगा, माहितीच्या अधिकाराचा नवा कायदा आला हाय त्याच्यासाठी. मी म्हटलं, तुमीच मांगा ना जी. तुमी म्हणे, जागा तुमची, अर्ज तुमचा, बोलणंबी तुमचंच. दोनदा अर्ज केला, हापिसातून उत्तर काही येईना, अन् मंग वरच्या साहेबापुढं सुनावणी अमरावतीले लागली.

त्याच्यानंतर दर बाजाराले माही तालीम. तुमी माह्या पालथ्या टोपल्यावर साहेब होऊन बसता अन् विचारता, बाई, नक्कल कशाले पाहिजे? मी लागलीच सुरू होते, साहेब, माही सासू अशी होती, तिचे गुडघे दुखत, ह्या वर्षी मेथीवर कीड आली... शेजारची मिरचीवाली हासून हासून लोटपोट. म्हणे, वकीलसाहेब, हिचं तोंड बंद कराच्या परीस तुमी म्हशीले इंग्रजी शिकवा. सगळ्या हासत, तुमीबी हासत. पण एक दिवस नाही हासले. उठून उभे राहिले.

“ताई, कारण सांगू नका. कायदा तुमाले कारण विचारतच नाही. तुमी सांगितलं का उपकार मांगून राहिल्या, अन् उपकार कराचा का नाही हे मंग साहेब ठरवते.”

सांबार न घेताच स्कूटरले किक मारली. मले लय लागलं. घरी येऊन कांदा चिरता चिरता उमजलं, आपण तर सारा जनम कारणंच सांगून राहिलो. राशनवाल्याले, मास्तराले, दवाखान्यातल्या नर्सबाईले.

सुनावणीच्या दिवशी तुमी अन् मी साहेबापुढं गेलो. वाटलं होतं साहेब खेकसन. त्यायनं तर पंखा वाढवाले लावला अन् लय गोड आवाजात विचारलं, एवढ्या दुरून आल्या बाई, काय अडचण आहे? भाऊ, असं गोड कोण विचारते हो आमाले? सासू, गुडघे, मेथी, सारं जिभेवर आलं. तुमच्याकडं पाह्यलं तर तुमी खिडकीबाहेर पाहून राहिले, जसे काही ओळखतच नाही.

“साहेब, कारण सांगाचं काम नाही. मले ठरावाची नक्कल पाहिजे.”

साहेब सरळ होऊन बसले. पहिल्यांदा मले कोणी ‘आपण’ म्हटलं. मंग बाजारवाल्या हापिसरकडं वळून म्हणे, द्या यांना नक्कल. तो कागद चाळते, पुसते घाम, अन् हळूच म्हणते, सर, ठराव अजून झालेला नाही.

“मग यांना उठवता कशाच्या आधारावर?”

मी जे सांगाले तडफडून राहिली होती, ते साहेबच विचारून राहिले होते. अन् घंटा घंटा बोलू शकणारे तुमी, त्या खोलीत एक शब्द बोलले नाही. बाहेर आल्यावर म्हणे, आज तर वकिलाचं कामच नाही पडलं, अन् तोंडावर एवढी खुशी जसा पोरीचा पहिला नंबर आला. अशी खुशी मी दुसऱ्या माणसाच्या तोंडावर नाही पाह्यली. आमची जागा राहिली, पण त्याच्यानंतर तुमी किती दिवस राहिले? पन्नाशीबी नाही गाठली. आता मी तुमच्याहून लय मोठी झाली, तरी मनात पाहाचं तर मान वरच करा लागते.

हे पत्र कोण्या पेटीत टाकू? डब्यात ठेवून देते. एक सांगते भाऊ, घरी कोणाले माहीत नाही. पोरं कमावते झाले, म्हणतात आता घरी बस. मी म्हणते गिऱ्हाईक वाट पाहते. खरं तर अर्धी भाजी मी फुकट वाटून टाकते. मी विकाले नाही जात. त्या जागेवर बसाले जाते.