वहिनींची तुळस आणि तेलरंगाची रेघ

नलिनी,

तुझा नवरा जाम नदी ओलांडून सावरगावला गेला आहे, चिंधू पेंटरला आणायला. हो, त्याच चिंधूला. दादांची बंडी कुठं आणि आपली कुठं उभी करायची, एवढी एक रेघ अंगणात ओढायला पेंटर कशाला, असं म्हणून याच गृहस्थानं त्याला वाटेला लावलं होतं.

काल तू रामाकोन्याला होतीस, म्हणून सांगतो. यानं दोरी बांधली ती थेट बंडीच्या चाकाला. बैलानं बंडी हातभर ओढली, दोरी तिरपी झाली आणि हा विद्वान दोरीमागून तिरपाच रंगवत गेला. वहिनींची तुळस आपल्या बाजूला आली.

दादा ओसरीवरून म्हणाले, "सरकारनं राज्याची रेघ ओढली, नागपूर तिकडं गेलं, आपण इकडं राहिलो. आता आमची तुळसही नेऊन राहिला का रे?"

हा हसला. हसायचं नव्हतं. सांजेला वहिनी दिवा घेऊन आल्या, रेघेपाशी थांबल्या आणि दिवा घेऊन परत गेल्या.

तेव्हापासून याला स्वतःचीच किळस येऊन राहिली आहे. रंग दाराचा उरलेला, तेलाचा. घासून रेघ गेली नाही, वाळल्या शेंबडासारखी पसरली मात्र.

पुसायला चिंधूच लागेल. तो मिळेपर्यंत हा घरी येत नाही. तू रेघेवर पोतं टाक आणि आज सांजेला वहिनींना हाताला धरून तुळशीपाशी आण. दादांनी विचारलंच तर सांग, हद्द आखणारा पळून गेला.

तुझा विद्वान नवरा,
मोरेश्वर