लोरेनच्या पुस्तकात फ्राइड राइस

स्टॉकटन, रविवार

ती. ताईस धाकट्या युक-लानचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आता कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे देवी क्वानयिनच्या कृपेने सगळं ठीक, म्हणजे कालपासून ठीक. शुक्रवारी नव्हतं.

आमची लोरेन कॉलेजात पुस्तकं करायला शिकते (लिहायला नव्हे, करायला; फी मात्र तेवढीच). यंदाचं पुस्तक म्हणजे आमच्याच हॉटेलातले पार्सलचे आठ डबे. उलगडले की पानं. बाहेर नेहमीच्या लाल पॅगोड्याशेजारी तिने मिचमिच्या डोळ्यांचा, दात पुढे आलेला स्वयंपाकी काढलेला, इथले अमेरिकन लोक आपल्या चिनी माणसांना चित्रांत काढतात तसा. आत गिऱ्हाइकांनी आजवर विचारलेले प्रश्न: "हे मांजराचं मटण नाही ना?" शनिवारी प्रदर्शन होतं. हे सगळं मला मागाहून कळलं. शुक्रवारी ऐन गर्दीत डबे संपले आणि कपाटावर आठ दिसले. चांगली वस्तू पडून राहिलेली मला बघवत नाही. भात भरला आणि दिले.

लोरेन किंचाळली, "आई, माझं पुस्तक!"

हे म्हणाले, "भाताबरोबर फुकट दिलंस की काय?" (यांना कधी काय बोलावं ते कळत नाही.)

पोरीचं वर्ष गेलं, आणि आपलेच प्रश्न डब्यात वाचून गिऱ्हाइकंही जाणार! मी देवीला संत्र्यांचा नवस बोलले (सफरचंदं सध्या महाग आहेत) आणि आम्ही मायलेकी नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या दारोदार निघालो. सात डबे मिळाले. मिसेस ब्रॅन्कने तर धुऊन वाळत घातला होता.

"तुमचा नेहमीचाच ना हा? आणि आत काय बघायचं, भाताखाली?"

ताई, सगळीकडे हेच. एकालाही फरक दिसला नव्हता! (मलाही नव्हता. ते मी गाडीत बोलले नाही.) लोरेन आधी रडली, मग अशी हसत सुटली की मलाही आवरेना. काल डागांसकट डबे मांडून तिने खाली चिठ्ठी लावली, 'शुक्रवारी वापरले. कोणाच्या लक्षात आलं नाही.' तिच्या बाई म्हणे बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. माझा जीव भांड्यात पडला.

तुझी,
युक-लान

ता. क. आठवा डबा एक ट्रकवाला घेऊन गेला. प्रदर्शन महिनाभर आहे. त्या रिकाम्या जागी लोरेनला आपल्या गावची खरीखुरी खानावळ चित्रात काढायची आहे. तुमच्या खानावळीचा फोटो लगेच पाठव.

आणखी एक. फोटोआधी दारातले लाल कंदील आणि ती हात हलवणारी सोनेरी मांजर आत ठेव. असलं फक्त अमेरिकेतच लावतात, असं मी तिला सांगून बसले आहे.