बिनकाट्याची बाभूळ

५ फेब्रुवारी १९८५, मुलुंड
पोचले एकदाची! डोंगराच्या पायथ्याशी उत्तराताईंचा बंगला, मागे अकरा शेळ्या आणि मला राहायला स्वतंत्र खोली. गिरणी सुटल्यापासून हे सुरतेला मागावर असतात. सहावा महिना लागलेल्या बाईला काम कोण देतंय? ताईंनी शेळ्या सांभाळायचं दिलं, वर म्हणाल्या की तुझे डोहाळे मीच पुरवणार. मला रडूच आलं. कुंपणाला सगळी सुबाभूळ आहे. बाभूळ असून काटे नाहीत, म्हणून 'सु' म्हणे. सासूबाईंना अशीच सून हवी होती!

११ फेब्रुवारी
शेळ्यांना नुसता सुबाभळीचा पाला. दुष्काळी गावांसाठी ताई त्याचा अभ्यास करतात. मला त्याच्याच कोवळ्या शेंगांची भाजी, ओलं खोबरं घालून, रोज स्वतः आणून देतात आणि संपेपर्यंत समोर बसतात. आई गेल्यापासून एवढे लाड कोणी केले नव्हते.

२० फेब्रुवारी
शेळ्यांचे केस झडतायत. दोन गाभण होत्या, दोन्ही गाभडल्या. दुसरा पाला आणू या म्हटलं, तर ताई म्हणाल्या की मध्येच बदलून चालणार नाही.

२४ फेब्रुवारी
आज फणीत मूठभर केस आले. माझे. गवत विकायला येणारी कृष्णाबाई बघून ओरडलीच. 'शेळ्यांची वाट लागली आणि तू तेच खातेस? अगं, काटे नसलेलं झाड पाल्यात विष ठेवतं. खाणाऱ्याचा वंश वाढू देत नाही ते!' ताईंना हे ठाऊक नसेल. सांगायला हवं.

२६ फेब्रुवारी
ताई बाजारात गेल्या होत्या. सांगायचं म्हणून त्यांच्या खोलीत थांबले, टेबलावर वही दिसली. शेळ्यांना नंबर, एक ते अकरा. बारावर माझं नाव. रोजच्या शेंगा. केस. खाली ताईंच्या अक्षरात — 'गाभडण्याची शक्यता.'
गाभडण्याची! हा शब्द जनावराला लावतात. बाईला कोणी लावत नाही. ताई, मी तुम्हाला सख्खी बहीण मानलं होतं.

२७ फेब्रुवारी
निघाले, तर कडी बाहेरून. ताई खिडकीतून म्हणाल्या, आता भाजी नाही खाल्लीस तरी चालेल. शांतपणे म्हणाल्या —

२८
बाळ हलत नाही. कालपासून — बाळा, एक लाथ मार. एकच —

कळा. ताई खिडकीशी, वही घेऊन. विचारतायत, किती वाजता सुरू झालं, मालन? नाही सांगणार. माझं बाळ त्या वहीत नाही जाणार. तोंडात पदर कोंबलाय. ओरडायचं नाही मालन, ओरडायचं —