पाटाच्या तोंडचं शेत

सान तेल्मो, फिलिपिन्स
१४ जानेवारी २००४

सौ. सुमतीस,
अ. उ. आ. आणि ते तुझ्या रागाला पुरून उरोत.

सुखरूप पोचलो. मुलगी द्यायच्या आधी घर डोळ्यांनी बघायचं ही आपली रीत. लेकीकडे परदेशात, पापाकुरात राहायला आलो म्हणून ती सोडायची नाही, या माझ्या हट्टापायी तू आणि स्वप्ना आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाहीत. तरी पत्र तुलाच लिहितोय. आपल्या होणाऱ्या जावयाची, आर्नेलची, चुलत बहीण मर्सी इथल्या नगरपालिकेत शेतकी अधिकारी आहे. तिच्या कचेरीतला फॅक्स थेट स्वप्नाच्या पेनरोजच्या ऑफिसात जातो. इथे मराठी कुणाला वाचता येत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहिता येतं.

आधी गाव सांगतो. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर सगळ्यांचं पोट. पावसाळ्यात भात. भात निघाला की त्याच ओलीवर लसूण, कांदा, तंबाखू, मका, बांधाच्या कडेने मूग. किनाऱ्यावर मीठ शिजवतात, मासळीचं खारवण रांजणात मुरत ठेवतात. चौकात जाड विटांचं चर्च आहे आणि त्याचा घंटेचा मनोरा बाजूला सुटा उभा आहे. धरणीकंपात मनोरा पडलाच तर चर्चवर पडू नये म्हणून तसा बांधला, असं मर्सी म्हणाली. इथला इलोकानो माणूस पै पै जपणारा, असं बाकीचा देश यांना हसतो म्हणे. मला तर त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ताटात कारलं, वांगं, शेवगा, भोपळ्याची फुलं, अगदी आपल्या साक्रीसारखं. फक्त सगळ्यात ते खारवण. पहिल्या दिवशी नुसता भात आणि लसूण खाऊन उठलो.

पण खरं नवल पाण्याचं. सुमती, इथे आपली फडपद्धत आहे! नदीला बांध गावानेच घालायचा, पाट गावानेच उपसायचा, कामाला न येणाऱ्याला दंड आणि पाण्याची पाळी ठरलेली. पांझरेकाठी ज्याच्यामागे माझी सगळी नोकरी गेली, ते समुद्रापार बघून मला भरून आलं. आर्नेलचे वडील आणि थोरला भाऊ यांच्याबरोबर त्यांची सगळी जमीन हिंडलो. कुठल्या तुकड्याला आधी पाणी, कुठली माती भारी, सारं विचारून घेतलं. पाटाच्या तोंडाशी त्यांचं लसणाचं शेत आहे. तिथली मूठभर माती उचलून मी म्हटलं की शेत असावं तर असं.

तेव्हापासून मात्र घर बदललंय. आल्या दिवशी मिठ्या मारणारी माणसं आता मला बघून बोलायची थांबतात. थोरला भाऊ माझ्याबरोबर जेवायला बसला नाही. आर्नेलच्या आईचे डोळे सुजलेले होते. मला वाटतं, यांना आपली मुलगी नको आहे आणि तोंडावर सांगवत नाही. स्वप्नाला एवढ्यात काही बोलू नकोस. मला फार वाईट वाटतंय.

लोभ असेल तेवढा पाठव, इथे सध्या टंचाई आहे.

तुझा,
नारायण


पापाकुरा
१८ जानेवारी २००४

अहो,
सा. न. वि. वि. साष्टांगच घातला आहे, कारण तुमच्यापुढे हात टेकले.

स्वप्नाला सांगू नकोस असं लिहून पत्र स्वप्नाच्याच टेबलावर धाडलंत! पोरीने ते ऑफिसात वाचलं आणि पेनरोजपासून पापाकुरापर्यंत गाडीत रडत आली. मी विचारलं तर कागद माझ्या हातात देऊन खोलीत गेली.

काल आर्नेल आला. एरवी दारात जँडल्स, म्हणजे चपला, काढता काढता मला इथल्या पद्धतीने किया ओरा आंटी म्हणणारा मुलगा, काल नुसता येऊन स्वयंपाकघरात बसला. त्याने घरी फोन केला होता. मग त्याने जे सांगितलं ते ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला.

त्यांच्याकडे रीत आपल्याहून उलट आहे. लग्नात मुलाच्या आईबापांनी जोडप्याला जमीन द्यायची, आणि कुठली द्यायची यात मुलीकडच्यांचा शब्द चालतो. तुम्ही काय केलंत? त्यांनी मागणी घालण्याआधीच जाऊन उभे राहिलात, एकूण एक शेत हिंडलात आणि नेमक्या सगळ्यांत चांगल्या शेताची माती उचलून ते वाखाणलंत. त्यांना वाटतंय तुम्ही ते मागितलं! थोरल्याचा संसार त्याच शेतावर चालतो, म्हणून तो तुमच्या पंगतीला बसला नाही. तरी ते द्यायला निघालेत. पाहुण्याचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्याचे वडील फोनवर म्हणाले.

आर्नेलने स्वप्नाला माझ्यासमोरच सांगितलं की भावाच्या पोटावर पाय देऊन तो लग्न करणार नाही. शेत जाणार असेल तर लग्न राहू दे. दोघंही जेवले नाहीत, केलेला भात तसाच राहिला.

अहो, तुम्ही जावई बघायला गेला होतात की शेत? निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण माती दिसली की हात शिवशिवतात. आता हे वाचाल तसे उठा आणि जाऊन त्या माणसांचा जीव भांड्यात पाडा. इथे तुमच्या टोमॅटोंना हीप्स, ढिगाने फळ धरलंय, कोपऱ्यावरच्या डेअरीच्या दुकानवालीलासुद्धा दिले. पण मला त्यांत काही गोडी वाटेना.

लोभ आहे, पण तो या निरोपाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

तुमची,
सुमती


सान तेल्मो
२० जानेवारी २००४

सौ. सुमतीस,
अ. उ. आ. निम्मे तू घे, निम्मे स्वप्नाला दे. ती तुझ्याआधी वाचतेच आहे.

पत्र काल सकाळी मर्सीच्या कचेरीत उभ्यानेच वाचलं. तिला तसंच बरोबर घेतलं आणि आर्नेलच्या घरी गेलो. त्याचा म्हातारा बाप अंगणात लसणाच्या जुड्या बांधत होता. मी सांगितलं, मर्सीने त्यांच्या भाषेत सांगितलं. आमच्याकडे मागणी मुलीच्या बापाकडे होते, मुलीचा बाप कधी काही मागत नसतो, मागायचं त्याच्या मनातही येत नाही. दुसऱ्याच्या गोजिऱ्या पोराला आपण छान म्हणतो ते काय उचलून घरी न्यायला? तसं ते शेत मी छान म्हटलं. ते थोरल्याचं आहे आणि थोरल्याचंच राहणार.

म्हातारा बायकोला काहीतरी म्हणाला. ती तिथेच जमिनीवर बसली आणि रडता रडता हसायला लागली. थोरला आला, त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. दुपारी तो माझ्या शेजारी जेवला. सुमती, त्या आनंदात मी ते खारवणसुद्धा खाल्लं, आणि तुला म्हणून सांगतो, वाईट नसतं. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

मग म्हातारा म्हणाला की जमिनीचं मिटलं, पण मागणीचं राहिलं. मुलीच्या घरी जाऊन विचारल्याशिवाय ते सून आणणार नाहीत. पापाकुरा लांब, तेव्हा मर्सीने आपलं घर मुलीचं घर म्हणून दिलं. संध्याकाळी मी तिच्या ओसरीवर वधूपिता होऊन बसलो. ही मंडळी समोरच राहतात, तरी इस्त्रीचे कपडे घालून, चर्चला वळसा घालून, तांदळाचे गोड वडे घेऊन वाजतगाजत आली. गावातल्या एका वडीलधाऱ्याने उभं राहून लांबलचक भाषण केलं आणि माझी मुलगी मागितली.

मी हो म्हणायला तोंड उघडलं, तर त्याने हात वर करून थांबवलं. मुलीच्या आईचं काय म्हणणं आहे, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे बापाने सांगितलं की झालं. ओसरीवर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मर्सी हळूच म्हणाली की इथे तेवढ्याने होत नाही, आईचा शब्द यावा लागतो. तुझं काय म्हणणं आहे, हे मला सांगता येईना. मी तुला कधी विचारलंच नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती मी लपवली नाही.

मंडळी वडे ठेवून परत गेली आहेत. तुझं उत्तर आलं की पुन्हा येणार. तर सुमती, तुझं काय म्हणणं आहे?

लोभ मागत नाही. उत्तर मागतो.

तुझा,
नारायण


पापाकुरा
२१ जानेवारी २००४

अहो,
आज विनंती तुमच्याकडून आली आहे, म्हणून मी नुसताच नमस्कार लिहिते.

तुमची ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तुम्ही मला बघायला धुळ्याला आलात, तेव्हा मामांना विचारलं, काकांना विचारलं, शेजारच्या वकिलांनासुद्धा विचारलं. पोहे करणारीला कुणी विचारलं नाही. त्यानंतर संसार चांगला झाला हो, तक्रार नाही. पण इतक्या वर्षांनी सातासमुद्रापार कुणी अनोळखी म्हातारा भर ओसरीवर माझं म्हणणं विचारतो, हे वाचून मी मेथी निवडता निवडता तशीच बसून राहिले. फार बरं वाटलं. वाटलं, या मंडळींना थोडं ताटकळत ठेवावं. मग त्या वड्यांची काळजी वाटली.

आर्नेलचं इंग्रजी मला निम्मं कळतं, माझं त्याला निम्मं. तरी रविवारी येऊन तो माझ्याबरोबर भाजी निवडतो. त्या दिवशी भावासाठी लग्न सोडायला निघाला, तेव्हा मला आधी रागच आला. मग त्याच्याकडे नीट पाहिलं. हा मुलगा आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडणारा नाही, आणि उद्या त्याच्या माणसांत माझी मुलगी असेल. तुम्ही तिकडे शेत बघत होतात, मी इथे घर बघत होते.

तेव्हा त्या वडीलधाऱ्यांना उभं राहून, मोठ्याने सांगा. मुलीच्या आईचं म्हणणं हो आहे. आणि आर्नेलच्या आईला माझा नमस्कार वेगळा सांगा, तुमच्या नमस्कारात मिसळू नका.

लोभ इथे भरपूर आहे. त्या घरी वाटून उरला तर घेऊन या.

तुमची,
सुमती

ता. क. स्वप्नाला मी अजून काहीच सांगितलेलं नाही. पाकीट बंद करून दिलंय, ऑफिसात उघडायला सांगितलंय. काय गं, वाचलंस ना? रड हवं तर, पण आधी हे पाठव. तिकडे माणसं खोळंबली आहेत.