नदी डाव्या हाताला

सोमवार, ९ मार्च. सकाळी ७ वाजून ५ मिनिटं.

अपमान. तोही पंधरा सायकलवाल्यांच्या देखत. नदीच्या उगमापाशी क्लबच्या कॅप्टनने सगळ्यांना गोल उभं केलं आणि चार दिवसांचा रस्ता समजावला. मग माझ्याकडे, फक्त माझ्याकडे, वळून म्हणाला, "आजी, दमलात तर मागे सामानाची गाडी आहे हं."

आजी! मी मोठ्या हॉस्पिटलची मेट्रन म्हणून रिटायर झाले. सर्जन लोक मला विचारून सुटीवर जात. मला आजी म्हणायचा हक्क जगात एकालाच आहे आणि तो साडेतीन वर्षांचा आहे.

गाडीत बसायचा प्रश्नच येत नाही. निघताना मुलाने अट घातली: आई, एकदा जरी गाडीत बसावं लागलं तर सायकल विकायची. मागे मी फाटकावर आदळले तेव्हापासून तो निमित्तच शोधतोय. (फाटक उघडं असायला हवं होतं.) मी सुनेच्या समोर ठणकावून कबूल म्हटलं. उगमापासून समुद्रापर्यंत, स्वतःच्या पायांवर. विषय संपला.

धाकटी बहीण मात्र गुडघ्यांचं निमित्त सांगून पहिल्या दिवसापासून गाडीत. उशी घेऊन आली आहे.

सोमवार, संध्याकाळी ७.

प्रकृती उत्तम. पाय आहेत की नाहीत ते कळत नाही, हे चांगलं लक्षण.

क्लबमध्ये शिस्त म्हणून नाही. सगळे हँडलवर ओणवे होऊन चालवतात, काही हरवल्यासारखे. मी ताठ बसते. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर पाठीला पट्टी लावून बघायच्या, ती पाठ अजून तशीच आहे. वारा समोरून येतो आणि सगळा मलाच लागतो, हे खरं. पण वाऱ्यापुढे वाकायचं वय गेलं.

आज मुद्दाम वेग कमी ठेवावा लागला. कारण एक पिवळं जाकीट घातलेला मनुष्य. चाळिशीचा, काटकुळा. दिवसभर माझ्या मागे. मी उतरले की तोही उतरतो, मी पाणी प्यायले की तोही पितो. चढावर मी सायकल हातात धरून चालत होते, तर हाही मागून चालत. म्हटलं, दम लागला का? तर नुसता हसला. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आहेच मागे. बिचारा. पुरुषांना कबूल करायला जड जातं. मी त्याचं नाव पिवळोबा ठेवलं आहे.

मुक्काम जुन्या तटबंदीच्या गावात. किल्ला म्हणे फार देखणा. आम्ही पोचलो तेव्हा दरवाजाला कुलूप. बाकीचे दुपारीच बघून आले. धाकटीने तर बुरुजावर पाय पसरून पुस्तक वाचलं. पिवळोबापायी माझा किल्ला हुकला. उद्या कॅप्टनशी बोलणार.

मंगळवार, १० मार्च. दुपारी १.

बोलले. कॅप्टनला स्पष्ट सांगितलं की तो पिवळा माणूस आजारी आहे, त्याला गाडीत बसवा, तो मला मागे ओढतो. कॅप्टन आधी माझ्याकडे बघत राहिला, मग आभाळाकडे. म्हणाला की तो मागेच बरा आहे. काय निर्दय माणूस! वर मलाच सल्ला: जरा वाकून बसा, वारा कमी लागेल. मी विचारलं, तुमच्या शाळेत कोण होतं शिकवायला?

पिवळोबाला घाम येत नाही. आज नीट निरीक्षण केलं. सबंध चढ चढून आला, कपाळ कोरडं, आणि शीळ घालतोय. ही लक्षणं चांगली नाहीत. माझी चेन पडली तर त्याने दोन मिनिटांत बसवली. हात थंडगार. लोह कमी असणार. माझ्या गोळ्यांतल्या दोन त्याला बळेच दिल्या. नको नको म्हणत होता. वॉर्डात सगळेच म्हणतात.

मंगळवार, संध्याकाळी.

आजचं गाव दगडी पुलाचं. पूल पाहिला. म्हणजे त्याच्यावरून आले, पण अंधार पडत होता आणि मला समोरच्या चाकाकडे बघायचं होतं. धाकटीने विणकाम करणाऱ्यांचं म्युझियम पाहिलं, पुलाखाली नावेत बसली, वर मला वर्णन करून सांगितलं. म्हणाली, ताई, तू एवढ्या लांबून येतेस आणि काहीच बघत नाहीस. मी म्हटलं, मी प्रवास करते, तू सहल करतेस. ती म्हणाली, हो, सहलच छान असते. लहानपणापासून अशीच आहे.

निश्चय: उद्या पहाटेच निघायचं. सगळ्यांच्या आधी. कॅप्टनने जेवताना सांगितलं, उद्या दोन नद्यांचा संगम लागेल, गोंधळ होतो. मी म्हटलं, माझा नाही होणार. पहिल्या दिवशी तुम्हीच सांगितलंत ना, नदी कायम डाव्या हाताला ठेवायची? मी सूचना एकदाच ऐकते आणि पाळते.

बुधवार, ११ मार्च. सकाळी ८.

पहाटे निघाले. लॉजच्या फाटकापाशी पिवळोबा हजर. बाकी सगळे झोपलेले. आता हद्द झाली. याला माझ्याशिवाय चालवताच येत नाही की काय?

बुधवार, सकाळी साडेनऊ. संगमाच्या अलीकडे.

माणसाचा जीव वाचवला.

तो झाडाखाली केळं खात बसला होता. मी न विचारता मनगट धरलं. नाडी चव्वेचाळीस! परत मोजली. चव्वेचाळीस. माझ्या वॉर्डात असा पेशंट आला असता तर मी आधी डॉक्टरांना बोलावलं असतं आणि मग नातेवाइकांना. त्याला तिथेच आडवा केला, पाय वर ठेवले. तो काहीतरी समजावत होता, माझी नाडी अशीच असते वगैरे. मी म्हटलं, बोलू नका, बोलण्यात शक्ती जाते. गाडीला फोन लावला. ड्रायव्हर आणि धाकटी धावत आली. पिवळोबा म्हणाला, अहो, मी गेलो तर तुमच्या मागे कोण? मरणाच्या दारातही माझीच काळजी. डोळे पाणावले असते, पण वेळ नव्हता. गाडीत घातला, सायकल टपावर बांधली, जवळच्या दवाखान्यात रवाना केला. धाकटीला ताकीद दिली: ऑक्सिजनशिवाय हलू देऊ नकोस.

आता मी मोकळी.

बुधवार, दुपारी १२.

संगम ओलांडला. म्हणजे ओलांडला नाही. समोर पूल होता, पण पूल ओलांडला असता तर नदी मागे पडली असती. मी नियमाने उजवीकडे वळले. नदी डाव्या हाताला, अगदी चिकटून. बाकीचे सगळे गेले असतील गोंधळून.

कॅप्टनच्या माहितीचा मात्र निषेध. आज उतार सांगितला होता, चढ निघाला. आणि पाणी समोरून येतंय. दोन दिवस नदी माझ्याबरोबर येत होती, आज माझ्या विरुद्ध वाहते. वर कुठे धरण सोडलं असेल. नदीलासुद्धा शिस्त राहिलेली नाही.

मागे बघितलं, कुणी नाही. पुढे कुणी नाही. म्हणजे सगळे मागे.

बुधवार, दुपारी साडेतीन.

मी पहिली.

डोंगरातलं सुरेख गाव. दगडी बाजार, मधोमध घंटाघर, आणि सगळं उघडं. कुलूप नाही. घंटाघराच्या पायऱ्या चढून वर जाऊन आले. खाली सबंध खोरं दिसतं. आज दिवसभर मला कुणी हळू म्हटलं नाही, जपून म्हटलं नाही, उतरा म्हटलं नाही. चढ मात्र मी चालत नाही, चालवत आले. निदान बराचसा. हॉस्पिटलमध्ये चाळीस वर्षं दुसऱ्यांना उभं केलं. स्वतः एवढी उंच कधी उभी राहिले नव्हते. आणि मुलगा ही सायकल विकायची म्हणतो.

चहावाल्याला सांगितलं, पंधरा चहा टाका, मंडळी मागून येताहेत. त्याने विचारलं, कुठपर्यंत आलीत? मी म्हटलं, हळू आहेत, चारपर्यंत पोचतील.

बुधवार, साडेपाच.

चहा दुसऱ्यांदा गरम केला. चहावाला माझ्याकडे कीव केल्यासारखा बघतो. मला कीव नको, कप भरून हवेत.

फोन आला. धाकटी. म्हणाली, "ताई, तू कुठेयस? आम्ही पुलापलीकडच्या गावात आहोत, सगळे तुला शोधतायत."

मी म्हटलं, तुम्ही चुकीच्या गावात का गेलात?

गुरुवार, १२ मार्च. समुद्राकाठच्या लॉजवर.

फक्त नोंदीसाठी: दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात एकाच दिवसात इतका चढ या क्लबात आजवर कुणी चढलेलं नाही. आजचा शेवटचा टप्पाही मी पूर्ण केला असता. पण सकाळी उठून पलंगाच्या कडेवर बसले आणि पायांनी ऐकलं नाही. कॅप्टनने सायकल गाडीवर चढवली आणि माझ्यासाठी दार उघडून धरलं. आजी म्हणाला असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

वाटेत धाकटीने सांगितलं. पिवळोबाला तपासून डॉक्टर म्हणाले, असं हृदय पुस्तकात दाखवावं. शर्यतीत उतरणाऱ्यांची नाडी अशीच मंद असते. बरीच वर्षं शर्यती जिंकलाय. क्लबमध्ये त्याचं काम एकच: जो सर्वांत शेवटी असेल त्याच्या मागे राहायचं.

मी म्हटलं, मग तसं सांगायला नको?

धाकटी म्हणाली, "सगळ्यांना माहीत होतं, ताई."

मी तिची उशी ओढून घेतली आणि खिडकीकडे वळले. धडधाकट माणसाला मी माझं लोह चारलं. ही फसवणूक नाही तर काय?

शनिवार, १४ मार्च. घरी. संध्याकाळी ६.

मुलाला कुणी सांगितलं? धाकटीने. फोटोसकट. मी गाडीत, तिची उशी मानेखाली, तोंड उघडं.

मी त्याच्यापुढे मुद्दे मांडले. एक, बुधवारी मी गाडीत बसले नव्हते. ड्रायव्हरला त्या गावातून बाहेर पडायचा रस्ता ठाऊक नव्हता, मी पुढच्या सीटवरून वाट दाखवत होते. दोन, गुरुवारी पाय आजारी होते आणि पेशंटला प्रवासी धरत नाहीत. शिवाय अट या नदीपुरती होती, त्या नदीवर कोणतीच अट नव्हती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आई, तू कबूल म्हणाली होतीस." एवढंच. आवाज चढवला असता तर मी त्याला तिथेच गुंडाळलं असतं. हळू बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. हे तो माझ्याकडूनच शिकला.

तोंडी निर्णय मला मान्य नाही. वरील प्रत्येक मुद्द्याचं उत्तर त्याने सहीनिशी, लेखी, उद्या रविवारी दुपारी बारा वाजण्यापूर्वी माझ्या हातात द्यावं. तोपर्यंत सायकल जिन्याखालून हलणार नाही.

ता. क. सून आत्ता सांगून गेली की सायकल बघायला गिऱ्हाईक उद्या सकाळी अकराला येतंय. लेखी उत्तराची मुदत साडेदहा.