हार्डडिस्कला धक्का नको

२४ जून २००८
निमगाव साव्याहून गोरखभाऊंचा फोन. मुलीच्या, तेजस्विनीच्या लग्नाच्या शूटिंगची सीडी कधी देता? त्यांची आई कुशाबाई खुबा मोडल्यामुळे मंगल कार्यालयात आली नव्हती. म्हातारी खाटेवर पडून वाट बघते आहे. म्हटलं, कॉम्प्युटर फुल आहे, एक्स्टर्नल हार्डडिस्क घेतो, मग एडिटिंग. मी घाईचं काम करत नाही. म्हणून तर आळेफाट्यावर माझं नाव आहे.

१७ ऑगस्ट
डिस्कचा अभ्यास चालू. आयुष्यभर टिकणारी हवी. बायको म्हणाली, मला पाच मिनिटांत पसंत केलंत.

१७ सप्टेंबर
उद्याच पुण्याला निघणार होतो. पण पितृपक्ष. नवी वस्तू कशी घेणार?

१ ऑक्टोबर
घेतली. पाच डिस्क हातात तोलून सगळ्यांत जड ती निवडली. दुकानदार म्हणाला, चालू असताना धक्का लागू देऊ नका. एसटीत दुपट्यात गुंडाळून मांडीवर घेतली. शेजारचा डुलक्या घेत अंगावर कलंडत होता, त्याला दोनदा उठवलं.

५ ऑक्टोबर
लग्नाच्या तिन्ही कॅसेट डिस्कमध्ये भरल्या. आता कॅसेट कशाला जपायच्या? त्यांच्यावरच आळे गावातल्या एका उद्घाटनाची भाषणं शूट केली. तिसरी संपत आली तेव्हा लोडशेडिंग, शूटिंग तिथेच थांबलं.

९ ऑक्टोबर, दसरा
यंत्रांची पूजा. मध्यभागी डिस्क, चालू. बंद यंत्राला कसला नमस्कार? पाणी उडू नये म्हणून तिच्यावर प्लॅस्टिक टाकलं. इतका विचार कोण करतो? त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. फुटेना. दुसऱ्यांदा सगळा जोर लावला.
डिस्क टक् टक् करते आहे. गरम झाली असेल.

११ ऑक्टोबर
जुन्नरचा रिपेरवाला म्हणाला, गेली. कशाने? म्हटलं, माल हलका. नारळाचा विषय काढला नाही.

१६ ऑक्टोबर
गोरखभाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "राव, आता आयसाठी लगीन परत लावू का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं.
लोडशेडिंगच्या कृपेने तिसऱ्या कॅसेटचा शेवट तेवढा वाचला होता. कॅमेरा त्यांच्या घरी नेऊन कुशाबाईच्या खाटेपाशी तोच लावला. पाठवणीच्या वेळी मी कॅमेरा खुर्चीवर ठेवून जेवायला गेलो होतो, बंद करायचा राहिला. चित्रात अकरा मिनिटं नुसत्या चपला. आवाज तेजस्विनीचा, रडका: "आजीला सांगा, मी आठ दिसांत येते. तिला म्हनावं, जेवत जा."
कुशाबाईने डोळे मिटून दोनदा ऐकलं. मग माझा हात धरून म्हणाली, "लई चांगलं काढलंस, बाबा."
मी नाही म्हटलं नाही. तसा चपलांचा फोकस शार्प आहे.