तुमच्या कीबोर्डला करंट मिळाला

बाबा, तुमचा कीबोर्ड वाजला. तेवढंच कळवायला बसले आहे, खुशाली विचारायला नाही. विचारायची सोय असती तरी मी विचारली नसती. गेल्या आठवड्यात तुमच्याच अंगणात, तुमच्याच माणसांसमोर, तुमच्या नाकावर टिच्चून मी वाजवलं आणि तुम्हाला उठून मेन स्विच पाडता आला नाही. ते आठवलं की अजून मला भाकरी गोड लागते.

भातसानगरला धरणाच्या कॉलनीत तुम्ही वायरमन, आणि ड्युटी सुटली की बेंजो पार्टीचे मालक. सापगावपासून मुरबाडपर्यंत कुठेही लग्नाची हळद असली की वाजवायला तुमची पार्टी. मुंबईच्या कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्याकडून तो जपानी कीबोर्ड तुम्ही जुनाच घेतलात, तेव्हा मी सातवीत होते आणि धाकटा अजून शाळेतही जात नव्हता. ओटीवर सराव चालायचा. तुम्ही धाकट्याला मांडीवर घेऊन त्याची बोटं पट्ट्यांवर दाबायचात आणि तो रडायचा. मी चहा द्यायच्या निमित्ताने दारात उभी राहून तुमचे हात बघायचे. एकदा धीर करून विचारलं तर म्हणालात, "पोरीनं हळदीत वाजवायचं नाय गो. लोकं पिऊन नाचतात, त्यांच्यापुढं बसशील काय?" मी म्हटलं, घरात वाजवते. तर म्हणे, "आज घरात वाजवशील, उद्या मांडवात जाशील." बरोबर ओळखलं होतंत.

मग तो दिवस. तुम्ही सकाळच्या ड्युटीवर गेलेले. मी तुमच्या दोन टॉर्चमधले आणि रेडिओतले मोठे सेल काढते, कीबोर्डच्या पोटात भरते आणि स्वयंपाकघरात, आईच्या शेजारीच बसून तुमची ती सुरुवातीची चाल वाजवते, जी वाजली की बायका पदर खोचून अंगणात यायच्या. आई भाकरी थापता थापता थांबली आहे. तिच्या तोंडावर हसू आहे, आणि ते एकदम जातं, कारण दारात तुम्ही उभे आहात. तुम्ही मारलं नाहीत. मारलं असतंत तर मी कधीच विसरले असते. तुम्ही पक्कड आणलीत, कीबोर्ड उलटा केलात आणि सेलच्या खाचेतल्या स्प्रिंगा एकेक करून उपटल्यात. मग तो माझ्या पुढ्यात ठेवून म्हणालात, "आता वाजव."  आईची तव्यावरची भाकरी करपली आणि ती तुम्हीच खाल्लीत.

त्या दिवसापासून अ‍ॅडॉप्टर, तो काळा ठोकळा ज्याला आपण एलिमिनेटर म्हणायचो, तुमच्या ड्युटीच्या बॅगेत गेला. कीबोर्ड घरात आणि त्याची वीज तुमच्या खांद्यावर. तुम्हाला वाटलं, विषय संपला. पण तुम्ही फाटकाबाहेर पडलात की मी त्या मुक्या पट्ट्यांपुढे बसायचे. आवाज नाही, काही नाही, नुसती बोटांची टकटक. आई बाहेरच्या खोलीतून विचारायची, "काय करतंस गो?" आणि मी सांगायचे, पुसते आहे. तिला माहीत होतं. एवढा पुसलेला कीबोर्ड अख्ख्या तालुक्यात नसेल. अशी वर्षानुवर्षं मी तुमची एकेक चाल बोटांत मुरवली आणि त्याच बोटांनी तुमच्यावर डूख धरला.

तुम्ही गेलात तेव्हा काकांनी तुमचं अंथरूण, कपडे, चपला आणि ती बॅग नदीवर नेऊन टाकली. गेलेल्या माणसाच्या अंगावरचं, रोजच्या वापरातलं घरात ठेवत नाहीत. बॅग उघडून बघायचं कुणाच्याही मनात आलं नाही. म्हणजे मेल्यावरसुद्धा एलिमिनेटर तुम्ही घेऊनच गेलात. वाद्य मात्र टाकत नाहीत म्हणून कीबोर्ड राहिला. दसऱ्याला त्याच्यावर झेंडू पडायचा, एरवी धूळ. पुढे माझं लग्न मुरबाडला झालं आणि यंदा धाकट्याचं ठरलं, तेव्हा मी त्याला म्हटलं, तो कीबोर्ड मला दे. तो म्हणाला, "ने ना ताई. मला तर त्याच्याकडे बघितलं तरी बोटं दुखतात."

मुरबाडच्या बाजारात मी दुकानं पालथी घातली. जो तो मोबाइलचा चार्जर पुढे करतो. एकाने तर सांगितलं, "ताई, असला माल आता कोण ठेवतो? नवीन कीबोर्ड घ्या, त्याच्यासोबत फ्री येतो." मला नवीन नको होता. शेवटी एका दुकानदाराने पोटमाळ्यावरून जुना एलिमिनेटर काढून दिला, पुष्कळ तोंडांचा, व्होल्ट बदलायचं बटण असलेला, आणि वर प्लस-मायनस उलटसुलट करायचं आणखी एक बटण. मी वायरमनची मुलगी. कीबोर्डच्या भोकाशेजारची खूण नीट वाचली, आत मायनस, बाहेर प्लस, नऊ व्होल्ट. तसंच लावलं. बटण दाबलं आणि जळका वास आला. मी वायर ओढून काढली आणि जमिनीवर बसून ढसाढसा रडले. माझ्या नवऱ्याला वाटलं, माहेरून कसली वाईट बातमी आली.

शहापूरला टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडे नेला. त्याने झाकण उघडलं आणि म्हणाला, "तुमी बरोबरच लावलं होतं. आतल्या वायरी कुणीतरी मुद्दाम उलट्या जोडल्यात. खुणेप्रमाणं लावणारा फसणार. एक छोटा डायोड गेलाय, बाकी वाचलंय." मी वाकून पाहिलं. जोडावर पिवळी चिकटपट्टी होती, कॉलनीतल्या घराघरात तुम्ही गुंडाळायचात तीच, तशीच तिरकी. दुसऱ्या पार्टीवाल्यांनी तुमचा कीबोर्ड पळवला तर तो त्यांच्या हातात जळावा म्हणून केलं असणार. असेल. पण जळला तो माझ्या हातात. दुरुस्तीवाल्याने विचारलं, "असंच ठेवू का? बटण उलटं करून चालवता येईल." मी म्हटलं, सरळ करा. कुणाचाही एलिमिनेटर चालला पाहिजे. आणि सेलच्या स्प्रिंगाही बसवा, सगळ्या. त्याने तुमची पट्टी सोलून कचऱ्यात टाकली तेव्हा मला जे बरं वाटलं, ते तुमच्या तेराव्यालाही वाटलं नव्हतं.

हळदीला तुमचीच जुनी पार्टी ठरली होती, आता ढोलकीवाले मामा तिचे मालक. काका साडी घेऊन माझ्याकडे आले. मी नवरदेवाची बहीण, म्हणजे करवली, माझा मान द्यायला हवा. मी साडी तशीच परत केली आणि भरल्या मांडवात म्हटलं, करवलीला साडी नको, पार्टीत बसून वाजवायला द्या. काकांचं तोंड बघण्यासारखं झालं. "तुझ्या बापाला नसतं चाललं," म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच. करवली रुसली तर नवरदेवाला हळद लागत नाही हे त्यांना माहीत होतं. धाकटा पाटावर बसल्या बसल्या ओरडला, "काका, वाजवू द्या तिला, मला थंडी वाजतेय."

मग मी वाजवलं. पहिली तुमचीच चाल. बायका पदर खोचून आल्या. पिणारे पिऊन नाचले आणि त्यांनी माझं काही वाकडं केलं नाही, नाचणाऱ्याला वाजवणाऱ्याकडे बघायला वेळ कुठे असतो? आई खुर्चीवरून उठली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी नाचली. ढोलकीवाले मामा मधेच वाकून म्हणाले, "चाल त्याचीच हाय. हात मात्र तुझा हलका, त्याचा येवढा नव्हता." हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं असतं तर मला झोप लागली नसती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा शेवटचं खरं लिहायला हरकत नाही. सगळे वाहवा करत होते आणि मी एकसारखी माणसांत बघत होते. काकांचं उतरलेलं तोंड दिसलं, ते पुरलं नाही. तुम्ही आणखी काही वर्षं जगायला हवं होतंत, बाबा. माया म्हणून नाही म्हणत. मी वाजवायला शिकले ती फक्त तुम्हाला ऐकवायला, आणि एवढ्या भरल्या अंगणात तेवढे तुम्हीच नव्हतात.